अर्ध्या किलोचं पिस्तूल, अडीच किलोचा ट्रिगर

अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानात काचेच्या कपाटातली सर्वांत गर्दीची फळी आता छोट्या पिस्तुलांची असते. तळहातात मावणारी, इंचभर जाडीची, काळ्या पॉलिमरच्या मुठीची ही पिस्तुलं शर्टाखाली, पँटच्या आत किंवा पर्समध्ये बाळगण्यासाठीच बनवलेली असतात. विक्रेता एक पिस्तूल उचलतो, मॅगझिन काढतो, स्लाइड मागे ओढून अडकवतो. चेंबर रिकामं आहे हे आधी डोळ्यांनी आणि मग बोट घालून तपासतो आणि उघड्या अवस्थेतच ते गिऱ्हाइकाच्या हातात देतो. गिऱ्हाईक तीच तपासणी पुन्हा करतं, विक्रेत्याची परवानगी घेतं आणि नळी निर्धोक दिशेला धरून ट्रिगर हळूहळू मागे ओढतं. थोडी ढील, मग अडसर, मग टक् असा कोरडा आवाज. पुष्कळांची खरेदी या एका आवाजावर आणि त्याच्या आधीच्या काही मिलिमीटरांवर ठरते.

त्याच फळीवर एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या दिसतात. एकीच्या चौकटीवर, अंगठा पोचेल अशा जागी, एक लहानसा खटका असतो. तो वर केला की ट्रिगर अडतो, खाली दाबला की मोकळा होतो. दुसरीवर ती जागा सपाट असते. किमतीत सांगण्याजोगा फरक नसतो. ‘सेफ्टी हवी की नको?’ हा प्रश्न तिथे रंग कुठला हवा, इतक्या सहजपणे विचारला जातो. मला तो प्रश्न फार गंभीर वाटतो. माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीची जबाबदारी यंत्राने किती उचलायची आणि माणसावर किती टाकायची, याचा निवाडा त्या छोट्या खटक्यापाशी होतो. गेल्या सव्वाशे वर्षांत हा निवाडा हळूहळू माणसाच्या अंगावर ढकलला गेला. हे कसं झालं आणि त्याची किंमत काय, हे समजून घ्यायचं तर सुरुवात ट्रिगरपासूनच करायला हवी.

बोटाला काय कळतं

ट्रिगर ओढणं ही बाहेरून एकच हालचाल दिसते. बोटाला मात्र तिचे टप्पे वेगवेगळे कळतात. पहिला टप्पा ढिलाईचा: सायकलच्या ब्रेकची मूठ दाबताना सुरुवातीला ती जशी रिकामीच मागे येते, तसा. मग बोट एका जागी अडतं. नेमबाज तिला ‘भिंत’ म्हणतात. भिंतीपलीकडे जोर वाढवावा लागतो. तिथे ट्रिगर खरखरत, घसटत सरकला तर तो वाईट, आणि काचेची काडी तुटावी तसा एकदम सुटला तर उत्तम मानतात. सुटल्यानंतर तो मागे किती जातो, आणि पुढच्या गोळीसाठी बोट किती सैल सोडावं लागतं, हे शेवटचे दोन टप्पे. दुकानातलं गिऱ्हाईक टक् ऐकताना हे सगळं अजमावत असतं.

याला एवढं महत्त्व का, ते साध्या हिशेबात दिसतं. २०१८ मध्ये बाजारात आलेलं सिग कंपनीचं पी३६५ हे पिस्तूल घ्या. रिकाम्या मॅगझिनसह त्याचं वजन जेमतेम अर्धा किलो. ट्रिगर सोडायला लागणारा जोर मात्र साधारण अडीच ते तीन किलोच्या घरातला. म्हणजे जी वस्तू स्थिर धरायची आहे, तिच्या वजनाच्या पाचपट जोराने तिचाच एक भाग मागे ओढायचा. बोट जरा वाकडं ओढलं गेलं की नळी बाजूला जाते. १९११ सालचं कोल्ट पिस्तूल साधारण अकराशे ग्रॅमचं होतं आणि त्याचा ट्रिगर दोन-अडीच किलोचा; तिथे हे प्रमाण दुपटीच्या आसपास राहतं. पिस्तूल जितकं हलकं, तितका ट्रिगरचा प्रत्येक दोष निशाण्यावर जास्त उमटतो. म्हणून छोट्या पिस्तुलाच्या गिऱ्हाइकाला हलका, स्वच्छ सुटणारा ट्रिगर हवा असतो, आणि त्याची ही मागणी रास्त आहे.

महाराष्ट्राला ट्रिगरची ही भाषा नवी नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकारात ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम असावं लागतं, १० मीटर एअर पिस्तुलात किमान ५०० ग्रॅम. तपासणीच्या वेळी पिस्तुलाची नळी वर करून ते उभं धरतात आणि ट्रिगरला तेवढं वजन टांगतात. ते वजन उचललं गेलं पाहिजे आणि तरीही ट्रिगर सुटता कामा नये.

पाचशे ग्रॅमचा ट्रिगर म्हणजे बोटाचा स्पर्श आणि विचार यांत अंतरच नाही. तो तिथे चालतो, कारण सुरक्षेची बाकीची सगळी व्यवस्था पिस्तुलाबाहेर उभी असते. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेला. आदेश मिळाल्याशिवाय काडतूस भरायचं नाही. पिस्तूल खाली ठेवलं की चेंबरमध्ये भडक रंगाची खूणपट्टी, म्हणजे ते रिकामं आहे हे लांबूनही दिसावं. बालेवाडीच्या रेंजवर नवख्या मुलांना नेम धरायच्या आधी हीच शिस्त लावतात. कमरेला बाळगलेल्या पिस्तुलाभोवती यातलं काहीच नसतं. ते भरलेलं असतं, दिवसभर शरीराला चिकटून असतं, आणि ते हाताळणारा माणूस घाईत, गाडीत, बाजारात किंवा मुलांच्या घोळक्यात असतो. तिथे सुरक्षेची सगळी भिस्त पिस्तूल आणि माणूस या दोघांवरच पडते.

आधी यंत्राने घेतलेली जबाबदारी

जुन्या बंदूककारांना ही भिस्त चांगली ठाऊक होती. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं होती, पण शहाणा माणूस पाचच गोळ्या भरायचा. ठोका देणारा मागचा घोडा काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असे, आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर बार उडे. म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची रीत पडली. ही शिस्त माणसाची होती आणि ती विसरणारे मेले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांनी हे काम यंत्रावर घेतलं. स्मिथ अँड वेसनने १८८०च्या दशकाअखेरीस घोडा आत लपलेलं एक छोटं रिव्हॉल्व्हर आणलं, त्याच्या मुठीच्या मागे पट्टी होती. मूठ नीट आवळल्याशिवाय ते चालतच नसे. मॅसॅच्युसेट्समधल्या आयव्हर जॉन्सन कंपनीने घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये एक सरकती पट्टी बसवली. ट्रिगर पूर्ण ओढला तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका पुढे पोचवते. एरवी घोड्यावर सुताराचा हातोडा मारला तरी काही होत नाही. कंपनीच्या जाहिरातीत खरोखर हातोडा मारताना दाखवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका जाहिरातीत तर पलंगावर बसलेली चिमुरडी हातात रिव्हॉल्व्हर घेऊन दाखवली आहे. आज ते चित्र पाहून अंगावर काटा येतो. पण त्यातून एक गोष्ट कळते: अपघात टाळणं हे कारखान्याचं काम आहे, असं तेव्हा कारखाना स्वतःच छातीठोकपणे सांगत होता.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांच्या १९११ च्या कोल्टमध्ये दोन सुरक्षा आल्या: मुठीमागची दाबपट्टी आणि अंगठ्याचा खटका. घोड्यावर बसलेल्या स्वाराला भरलेलं पिस्तूल एका हाताने पुन्हा म्यान करता यावं, ही घोडदळाची गरज त्यामागे होती. पुढे अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी हेच पिस्तूल घोडा चढवून आणि खटका लावून बाळगण्याची पद्धत रूढ केली. हलका, आखूड ट्रिगर आणि त्यावर पहारा करणारा खटका, अशी ती जोडी. एक नाजूक म्हणून दुसरा ठाम.

ब्राउनिंग १९२६ मध्ये वारले. त्यांच्या हातून अर्धवट राहिलेलं पिस्तूल बेल्जियममध्ये द्यूदोने सॅव्ह यांनी पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये ते ‘हाय पॉवर’ या नावाने आलं. आपल्या सैन्यात आणि पोलिस दलांत दशकानुदशकं वापरलं गेलेलं, इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ हा त्याचाच वंशज. हाय पॉवरमध्ये अंगठ्याच्या खटक्यासोबत आणखी एक अडसर होता: मॅगझिन काढलं की ट्रिगर निकामी. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजून आत राहिलेल्या एका गोळीने होणारे अपघात त्याने टळतात. पण हा अडसर मॅगझिनच्या अंगाला घासत राहतो आणि ती घसट थेट बोटाला लागते. हाय पॉवरच्या ट्रिगरविषयीची जुनी तक्रार तिथून आली आहे. सुरक्षेचा प्रत्येक जादा भाग ट्रिगरच्या गुणातून काहीतरी वजा करतो आणि प्रत्येक रचनाकाराला ही वजाबाकी करावीच लागते.

ग्लॉकने खटका काढला

अमेरिकी पोलिसांच्या कमरेला १९८०च्या दशकापर्यंत बहुतेक रिव्हॉल्व्हरच होतं. १९६७ मध्ये इलिनॉय राज्य पोलिसांनी ९ मिमी पिस्तूल घेतलं, तेव्हा ते धाडस मानलं गेलं. रिव्हॉल्व्हरला खटका नसतो. त्याची सुरक्षा लांब, जड ट्रिगरमध्ये असते. पाच किलोच्या आसपासचा जोर आणि इंचाच्या जवळपास प्रवास, एवढं बोटाने जाणूनबुजून केल्याशिवाय गोळी सुटत नाही. वॉल्थर कंपनीने १९२९ पासून पीपी मालिकेत हीच कल्पना पिस्तुलात आणली होती: पहिली गोळी लांब ओढीने, पुढच्या हलक्या ओढीने.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर जास्त गोळ्यांच्या पिस्तुलाची मागणी देशभर वाढली. त्याच सुमारास गॅस्टन ग्लॉक यांचं पिस्तूल अमेरिकेत पोचत होतं. ग्लॉक हे ऑस्ट्रियातले कारखानदार. पडद्यांच्या दांड्या आणि सुऱ्या बनवत. पिस्तुलाचा अनुभव शून्य. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये त्यांचंच पिस्तूल निवडलं. पॉलिमरची चौकट, बाहेर घोडा नाही, अंगठ्याचा खटकाही नाही. ट्रिगरच्या मधोमध एक पातळ पातं. ते बोटाने दाबलं गेलं तरच ट्रिगर हलतो. काडतुसाच्या टोपीवर आदळणारी आतली सळई, म्हणजे स्ट्रायकर, अर्धवटच ताणलेला असतो, उरलेलं ताणण्याचं काम ट्रिगर ओढताना होतं. स्ट्रायकरची वाट अडवणारा एक ठोकळाही ट्रिगर मागे आल्यावरच बाजूला होतो. ट्रिगरचा जोर साधारण अडीच किलो.

ट्रिगरमधलं हे पातं काय करतं आणि काय करत नाही, हे स्पष्ट असलं पाहिजे. पिस्तूल जमिनीवर मागच्या अंगावर आपटलं, तर ट्रिगरचा तुकडा स्वतःच्या वजनाने मागे झेपावू शकतो. पातं त्याला अडवतं. पण ट्रिगरच्या मध्यावर काहीही दाबलं गेलं, मग ते बोट असो, जॅकेटची दोरी असो की शर्टाचं टोक, तर पात्याला त्यातलं काही ओळखता येत नाही. पडण्यापासूनची सुरक्षा त्याने उत्तम दिली. नको तेव्हा ट्रिगर दाबला जाण्यापासूनची सुरक्षा मात्र होल्स्टर आणि माणसाची शिस्त यांच्याकडे गेली.

पोलिस खात्यांना हे पिस्तूल आवडलं, कारण रिव्हॉल्व्हरवर वाढलेल्या माणसाला नवीन खटका शिकवावा लागत नव्हता. आणि त्यांना त्याची भीतीही वाटली. न्यूयॉर्क शहर पोलिसांनी उपाय काढला ट्रिगर जड करण्याचा: जास्त कडक स्प्रिंग घालून सुमारे बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या जवळपास. अपघाती गोळ्या टळाव्यात हा हेतू. पण जड ट्रिगर नळी हलवतो. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर सोळा गोळ्या झाडल्या आणि नऊ वाटसरू पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. गर्दी, ताण, अपुरा सराव अशी अनेक कारणं त्यात गुंतलेली आहेत. पण जड ट्रिगरवरची चर्चा त्यानंतर थांबली नाही, आणि २०२१ मध्ये तिथल्या नव्या भरतीला हलका ट्रिगर देण्याचा निर्णय झाला. यातून एवढं सिद्ध झालं की ट्रिगरलाच कुलूप बनवलं की निशाणा बिघडतो आणि त्याचे घाव तिऱ्हाइताला लागतात. नेमकं सुटणं हे ट्रिगरचं काम. कुलपाचं काम दुसऱ्या कशाने तरी करायला हवं.

पिस्तूल लहान झालं, माणूस तोच राहिला

फ्लोरिडाने १९८७ मध्ये छुपं शस्त्र बाळगण्याचा परवाना अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकाला देण्याचा कायदा केला आणि मग एकेका राज्याने तोच रस्ता धरला. १९९४ ते २००४ या काळात नव्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा होती. दहाच गोळ्या न्यायच्या तर मोठं पिस्तूल कशाला, या विचाराने कंपन्या लहान पिस्तुलांकडे वळल्या. १९९५ चं ग्लॉक २६ त्याच लाटेतलं. २०१२ मध्ये स्मिथ अँड वेसनचं शील्ड आलं, सडपातळ आणि स्वस्त, आणि खटक्यासह. २०१८ च्या पी३६५ ने इंचभर जाडीत दहा गोळ्या बसवून सगळ्या स्पर्धकांना मागे टाकलं. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आलं.

बाजार कसा सरकला हे रूगर कंपनीच्या एका पिस्तुलात स्वच्छ दिसतं. २०११ चं एलसी९: लांब, सावकाश ट्रिगर, अंगठ्याचा खटका, मॅगझिन काढलं की निकामी होणारी रचना. गिऱ्हाइकांनी ट्रिगरला नावं ठेवली. २०१४ मध्ये एलसी९एस आलं, स्ट्रायकरवर चालणारं, आखूड आणि हलक्या ट्रिगरचं. त्यामागोमाग त्याचीच ‘प्रो’ आवृत्ती आली आणि तिच्यातून खटकाही गेला. तीन-चार वर्षांत एकाच पिस्तुलाने सुरक्षेचे थर एकामागून एक उतरवले. प्रत्येक बदल गिऱ्हाइकाच्या मागणीवरून झाला आणि सुटासुटा पाहिला तर प्रत्येक बदल समजण्यासारखा होता.

खटक्याच्या विरोधातला युक्तिवाद कमजोर नाही. जिवावर बेतलेल्या क्षणी हात थरथरतात, बोटांचं बारीक काम जमत नाही, आणि खटका काढायला विसरलेला माणूस अडलेला ट्रिगर ओढत राहतो. छोट्या पिस्तुलावर खटकाही छोटाच असतो. अंगठ्याखाली नीट येत नाही, डावखुऱ्याला तर अनेकदा उलट्या बाजूला सापडतो. पकड बदलताना तो नकळत लागूही शकतो आणि कापडाला घासून निघूही शकतो. म्हणून अनुभवी मंडळी म्हणतात, माझं बोट हीच माझी सेफ्टी. कूपर यांच्या चार नियमांतला तिसरा तोच आहे: नेम लक्ष्यावर बसेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर.

दुसऱ्या बाजूला मसाद अयूब यांच्यासारखे जुने प्रशिक्षक आहेत. झटापटीत पिस्तूल हिसकावलं गेलं, तर परक्या माणसाला खटका सापडेपर्यंतचे क्षण मालकाचा जीव वाचवतात, हे ते दशकानुदशकं लिहीत-सांगत आले आहेत. पिस्तूल बाहेर काढताना खटका खाली दाबणं ही हालचाल सरावाने हातात मुरते, याचा पुरावा म्हणजे १९११ घेऊन स्पर्धा जिंकणारे हजारो नेमबाज.

मला या वादात एक गोष्ट निर्णायक वाटते. दोन्ही बाजू बहुतांशी गोळी झाडण्याच्या क्षणाविषयी बोलतात. सामान्य नागरिकाच्या आयुष्यात तो क्षण बहुधा कधीच येत नाही. रोज येतात ते दुसरेच क्षण: सकाळी पिस्तूल होल्स्टरमध्ये सरकवणं, स्वच्छतागृहात ते काढून ठेवणं, गाडीत बसताना जागा बदलणं, रात्री कपाटात ठेवणं. होल्स्टरमध्ये परत घालण्याचा क्षण यात सर्वांत धोक्याचा. जॅकेटच्या कडेची ओढदोरी, तिच्या टोकाची प्लॅस्टिकची गाठ, शर्टाचा चुरगळलेला कोपरा, यांतलं काहीही ट्रिगरच्या कड्यात शिरतं. माणूस वरून दाबतो आणि दोरी बोटाचं काम करते. पोटापाशी पिस्तूल खोचणाऱ्यांची नळी तेव्हा मांडीच्या मुख्य धमनीकडे रोखलेली असते. खटका लावलेला असेल तर दोरी ट्रिगरवर ओढली जाते आणि काहीच होत नाही.

शरीराचाही एक भाग आहे, ज्यावर शिस्तीची हुकूमत चालत नाही. शरीरशास्त्रज्ञ रॉजर इनोका यांनी नकळत गोळी सुटण्यामागची तीन शारीरिक कारणं मांडली: दचकणं, तोल जाणं, आणि एका हाताने जोर लावला की दुसऱ्या हाताची मूठही आपोआप आवळली जाणं. पायरीवर पाय घसरला की मोकळा हात जे सापडेल ते पकडतो, आणि पिस्तूल धरलेला हातही त्याच वेळी आवळला जातो. हे चांगल्यातल्या चांगल्या प्रशिक्षिताच्या बाबतीतही घडतं. अडीच किलोचा जोर अशा आवळण्यापुढे काहीच नाही.

आणि घरात फक्त मालकच नसतो. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहोतल्या हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये एका तरुण आईच्या पर्समधून तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल काढलं आणि गोळी सुटली. ती तिथेच गेली. पर्समध्ये पिस्तुलासाठी चेनचा वेगळा कप्पा होता. नाताळच्या सुट्टीत नातेवाइकांकडे आलेलं ते साधं, जबाबदार कुटुंब होतं. अशा घटनेपुढे ‘बोट हीच सेफ्टी’ हे वाक्य टिकत नाही, कारण ते बोट कुणाचंही असू शकतं.

कायद्याची पोकळी

अमेरिकेत टोस्टरपासून पाळण्यापर्यंत शेकडो वस्तूंवर ग्राहक सुरक्षा आयोगाची नजर असते. १९७२ च्या कायद्याने बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. सदोष पिस्तूल परत मागवायला लावणारी केंद्रीय यंत्रणा त्यामुळे नाही. कंपनीने स्वतः ठरवलं तरच ते घडतं.

काही राज्यांनी पोकळी भरायचा प्रयत्न केला. कॅलिफोर्नियाने पाडून पाहण्याची चाचणी आणि पिस्तुलावर हाताने लावायची सुरक्षा बंधनकारक केली. मॅसॅच्युसेट्सने १९९०च्या दशकाअखेरीस केलेला नियम मला सर्वांत विचारी वाटतो. सरासरी पाच वर्षांच्या मुलाला चालवता येणार नाही अशी रचना पिस्तुलात हवी, असं तो म्हणतो. त्यासाठी ट्रिगर किमान दहा पौंडांचा करा, किंवा लहान हातांना पोचणार नाही असा ठेवा, किंवा गोळी सुटायला एकाहून अधिक हालचाली लागू द्या. एकाहून अधिक हालचाली, म्हणजेच खटका. न्यूयॉर्कसारखा ट्रिगर बिघडवायची सक्ती त्यात नाही.

सिगच्या पी३२० ची कहाणी याच पोकळीत घडली. २०१४ मध्ये आलेल्या या पिस्तुलात स्ट्रायकर पूर्ण ताणलेला असतो आणि ट्रिगरमध्ये पातं नाही. २०१७ मध्ये काही जणांनी ते विशिष्ट कोनात पाडून दाखवलं आणि ट्रिगर स्वतःच्या जडत्वाने मागे जाऊन गोळी सुटली. कंपनीने त्याच ऑगस्टमध्ये ‘ऐच्छिक सुधारणा’ जाहीर केली. त्यात हलका ट्रिगर होता. पुढे ट्रिगर न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारींवरून अनेक खटले झाले. काही कंपनीच्या बाजूने संपले. २०२४ मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फियातल्या ज्यूरींनी कंपनीविरुद्ध कौल दिला. कंपनीला आरोप मान्य नाहीत. बाहेरची सुरक्षा न बसवणं हाच दोष आहे का, हा या खटल्यांतला कळीचा मुद्दा होता. २०२५ मध्ये, जिथे सिगचं अमेरिकेतलं मुख्यालय आहे त्या न्यू हॅम्पशायर राज्याने कायदा करून, बाहेरची सुरक्षा नसल्याच्या कारणावरून उत्पादकाला जबाबदार धरण्याची वाट अरुंद केली.

आपल्याकडे, आणि आपल्या माणसांकडे

भारतात ९ मिमी हा बोअर सामान्य नागरिकाला बंद आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळाला तरी हाती येतं ते बहुधा .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, आणि निवडणूक आली की तेही अनेकांना पोलिस ठाण्यात जमा करावं लागतं. तरी प्रश्न आपल्यापासून दूर नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. ते सुदैवाने बचावले. भरलेलं शस्त्र, घाईची वेळ, घरातलं कपाट: रोजच्या क्षणांची जी यादी वर दिली, त्यातलाच हा एक.

अमेरिकेतल्या मराठी घरांपर्यंत तर हा विषय थेट पोचला आहे. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात निकाल दिला आणि न्यू जर्सीसारख्या राज्यात परवान्यासाठी विशेष गरज सिद्ध करण्याची अट गेली. त्याच राज्यातल्या एडिसनच्या परिसरात मराठी कुटुंबांची दाट वस्ती आहे. निम्म्याहून जास्त राज्यांत आता परवान्याशिवायही छुपं शस्त्र बाळगता येतं, म्हणजे प्रशिक्षणाचीही सक्ती नाही. शस्त्र ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नव्हतं, अशा माणसाने काउंटरपुढे उभं राहून टक् ऐकायचं आणि खटका हवा की नको ते सांगायचं आहे.

त्याला मी सांगेन: शस्त्र घ्यायचंच ठरलं असेल, तर खटक्याची आवृत्ती घ्या, आणि ट्रिगर चांगला आहे म्हणून तिच्यावर पाणी सोडू नका. दोन्ही एकत्र मिळतात. चांगल्या ट्रिगरला खटक्याची गरज कमी नसते, जास्त असते. खटका अंगठ्याला सहज पोचतो का, ते दुकानातच पाहा. ट्रिगरचं कडं पूर्ण झाकणारं ताठ होल्स्टर घ्या. पिस्तूल परत घालताना थांबून, बघून, सावकाश घाला. घरी ते कुलपात ठेवा, कारण खटका मुलांना शिकता येतो.

पण सल्ल्यावर हा प्रश्न सोडता येणार नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने आपलं नवं पिस्तूल निवडलं ते पी३२० चंच लष्करी रूप, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी चालणारा अंगठ्याचा खटका असण्याची अट सैन्याने घातली. ज्यांना महिनोन्‌महिने प्रशिक्षण मिळतं, ज्यांच्या डोक्यावर अधिकारी असतो, ज्यांची शस्त्रं रोज मोजून शस्त्रागारात जमा होतात, त्यांच्या हाती द्यायच्या पिस्तुलाला खटका हवा, असं त्या देशाच्या सैन्याला वाटलं. कसलंही प्रशिक्षण नसलेल्या आणि लहान मुलांच्या घरात राहणाऱ्या नागरिकासाठी तोच खटका ऐच्छिक का? अप्रशिक्षित हाताला कुशल हातापेक्षा कमी संरक्षण देणारी ही व्यवस्था उलटी आहे. लपवून बाळगण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिस्तुलात ट्रिगरखेरीज आणखी एक जाणीवपूर्वक हालचाल बंधनकारक असावी, आणि सदोष शस्त्र परत मागवण्याचा अधिकार एका यंत्रणेला असावा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारखान्यांना जे करता आलं, ते आजच्या कारखान्यांना अवघड नाही. त्यांच्याकडून ते मागणारा कायदा तेवढा हवा.